केळीचं नाक

काथरगावच्या शाळेत नवसंशोधन स्पर्धेची ढाल आली, तेव्हा गावाने ज्योत्स्ना भंगाळे मॅडमना सजवलेल्या ट्रॅक्टरवर बसवून मिरवलं होतं. त्या गोष्टीला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोच त्याच गावाने त्यांच्या हातातून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. आणि तीही किती प्रेमाने! मुख्याध्यापक फालक सरांनी आधी चहा मागवला, टेबलावरचा पंखा त्यांच्याकडे वळवला, मग घसा साफ केला.

“मॅडम, किल्ली तेवढी राहू द्या माझ्याकडे. तुमच्याच भल्यासाठी सांगू राह्यलो.”

“माझ्या हातून काही चुकलं का, सर?”

“छे छे! चुकायच्या आधीच काळजी घेतलेली बरी. तिथं अ‍ॅसिडच्या बाटल्या, गॅसच्या शेगड्या. एखाद्या दिवशी...”

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. हल्ली मॅडमशी बोलताना सगळेच वाक्यं अर्धवट सोडत. पुढचं सांगायचं काम एका काडेपेटीएवढ्या यंत्राने आधीच करून ठेवलं होतं. अख्ख्या शाळेसमोर त्या यंत्राने मॅडमचं मनगट हुंगून लाल दिवा लावला होता, आणि लाल दिव्याचा अर्थ आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. दहा वर्षांच्या आत या बाईंची स्मृती जाणार.

आणि हे यंत्र घडवून घेतलं होतं खुद्द मॅडमनीच.

सुरुवात झाली ती केळीपासून. काथरगाव तापीच्या खोऱ्यातलं, जिकडे बघावं तिकडे केळी. पिकवायच्या थंड खोलीत एखादा घड आधी पिकला, की त्यातून सुटणारा वायू शेजारच्या घडांनाही पिकवतो आणि ट्रक येईपर्यंत अर्धी खोली काळी पडते. रेवती वायकोळेच्या वडिलांची अशीच एक खोली होती. नववीतली ही पोरगी एकदा मधल्या सुट्टीत मॅडमसमोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, आपल्याला वास यायच्या आधीच वास ओळखता येईल का?”

मॅडमनी डब्यातला घास तसाच खाली ठेवला. इतकी वर्षं फळा खडूने पांढरा केल्यावर असा प्रश्न एखादाच वाट्याला येतो, हे त्यांना माहीत होतं.

दोघींनी मिळून नाक बनवलं. एका डबीत इवल्याशा चकत्यांची रांग, प्रत्येकीवर वेगळा लेप. हवेतले रेणू लेपावर बसले की त्या चकतीतून जाणारी वीज किंचित बदलते. एकट्या चकतीला काही कळत नाही, पण सगळ्यांचे बदल एकत्र मांडले की प्रत्येक वासाची एक नक्षी उमटते, अंगठ्याच्या ठशासारखी. ती नक्षी ओळखायला संगणकाला शिकवायचं. शिकवायचं म्हणजे नियम सांगायचे नाहीत. त्याच्यासमोर दोन ढीग ठेवायचे, हा पिकलेल्यांचा आणि हा कच्च्यांचा, आणि म्हणायचं, फरक तुझा तू शोध. तो शोधतो. नेमका कोणता फरक शोधला, ते मात्र सांगत नाही.

जिल्ह्याच्या फेरीत केळीचं नाक निवडलं गेलं. पण राज्याच्या फेरीत केळीला कोण विचारतो? तिथे काहीतरी डोळे दिपवणारं हवं, हे मॅडमना कळत होतं. मेंदूचे काही आजार दिसू लागण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या कातडीवरचं तेल बदलतं, त्याचा वासही बदलतो, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्यात त्यांचे स्वतःचे वडील शेवटी शेवटी त्यांना “कोण बाई तुम्ही?” असं विचारत गेले होते. आधी कळलं असतं तर, हा विचार त्यांच्या मनातून कधी गेलाच नाही. त्यांनी रेवतीला म्हटलं, “केळीऐवजी माणूस हुंगू या का?”

पुन्हा दोन ढीग लागणार होते. आजाऱ्यांचा ढीग भुसावळच्या एका शुश्रूषा केंद्रातल्या, स्मृती गेलेल्या बायकांच्या वॉर्डात मिळाला. मॅडम स्वतः रेवतीला घेऊन गेल्या, तिचा हात हातात धरून त्यांनी तिला नमुना घ्यायला शिकवलं. कापसाचा बोळा मनगटाच्या आतल्या बाजूला, खालून वर, एकदाच. प्रत्येकीला नवा बोळा. मनगट कोरडं हवं.

राहिला निरोग्यांचा ढीग. स्पर्धा तोंडावर आली होती आणि एवढ्या बायका एका जागी आणायच्या कुठून?

“आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू आहे ना, मॅडम!” रेवती टाळी वाजवून म्हणाली. “अख्खं गाव येतं. आईला सांगते, मी दारातच बसते.”

मॅडमना कल्पना फार आवडली. त्या स्वतः मात्र गेल्या नाहीत. नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून हळदीकुंकवाचं आमंत्रण कुणी दिलं नव्हतं. येऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं, पण जिथे आपण दिसलो की बायकांचं हसणं क्षणभर थांबतं तिथे शहाण्या माणसाने जाऊ नये, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. पावडरचा डबाही त्याच वर्षी बंद झाला होता. अंगाला डाळीचं पीठ लावायचं, की झाली आंघोळ. त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या सवाष्णी वायकोळ्यांच्या घरी होत्या आणि मॅडम प्रयोगशाळेत तारा जोडत बसल्या होत्या.

मग सुरू झाली तालीम. मॅडम खवचट परीक्षक व्हायच्या, वाट्टेल त्या शंका काढायच्या, आणि रेवती सुरुवातीला रडवेली व्हायची.

“चाचरायचं नाही,” त्या बजावत. “खाली बघायचं नाही. नजरेला नजर द्यायची, शांतपणे, आणि उत्तर छोटं. विश्वास उत्तरावर बसत नाही गं, आवाजावर बसतो.”

पुण्यातल्या त्या मोठ्या सभागृहात परीक्षकांनीच हौसेने आपापली मनगटं पुढे केली. सगळ्यांचे दिवे हिरवे. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की रेवतीने मागे वळून मॅडमना शोधलं. मॅडम शेवटच्या रांगेत उभ्या राहून पदराने डोळे टिपत होत्या. इतका निखळ आनंद त्यांना त्यानंतर कधी झाला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. एका कंपनीने नाक विकत घेतलं, त्याचं ‘स्मृतिगंध’ असं बारसं केलं. लाखो लोकांचे नमुने जमवले, पण त्यांत निरोगी कोण आणि आजारी कोण हे ठरवलं काथरगावच्या पहिल्या दोन ढिगांवर शिकलेल्या नाकानेच. वर्ष संपायच्या आत औषधांच्या दुकानांतून त्याचे दिवे लुकलुकू लागले. मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खाता खाता होणाऱ्या विहीणबाईंचा दिवा कोणता, ते विचारू लागले. म्हातारी माणसं बहुतेक लाल निघत. म्हातारपणी विसरायला होतंच, तेव्हा यंत्र किती खरं बोलतं, असं लोक म्हणत. आणि एखादा धडधाकट माणूस लाल निघाला आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन सगळ्या तपासण्या करून आला, तरी डॉक्टर हात वर करत. आज काही दिसत नाही, पण नाक दहा वर्षं पुढचं सांगतं. त्याला खोटं पाडायचं तर दहा वर्षं थांबायला हवं.

कंपनीने शाळेला एक यंत्र भेट दिलं. उद्घाटनाला पहिला हात अर्थातच मॅडमचा. त्यांनी बांगडी मागे सारली, हसत मनगट पुढे केलं आणि लाल दिवा लागला. रेवती शेजारीच होती. ती हमसून हमसून रडली आणि मॅडमनाच तिची समजूत काढावी लागली.

त्यानंतर मॅडमचं घर, शाळा, फोन, सगळंच बदललं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांताबाईही लाल निघाल्या. गॅस उघडा ठेवतील म्हणून त्यांना घरी बसवलं. मॅडमकडे दहावीचे वर्ग होते, ते काढून वाचनालय दिलं. एकदा त्या छत्री विसरल्या तर शिक्षकांच्या खोलीत एकदम शांतता पसरली. अशा छत्र्या फालक सरांनी आजवर किती हरवल्या होत्या! पण त्यांचा दिवा हिरवा होता.

पुण्याहून मुलीचा, आश्लेषाचा, रोज फोन यायचा.

“आई, काल काय जेवलीस?”

“भरीत, भाकरी.”

“आणि परवा?”

“आश्लेषा, तू माझी परीक्षा घेऊ राह्यलीस का?”

“नाही गं, सहजच विचारलं.” पलीकडे मुलगी रडत होती, हे मॅडमना ऐकू येत होतं.

आंघोळ करताना मॅडम मूलद्रव्यांची नावं क्रमाने म्हणू लागल्या. एखादं अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. यंत्र खोटं बोलत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते त्यांच्या हातचं होतं, त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीचं होतं. त्यांचा संशय होता तो स्वतःवर.

अशात पुन्हा संक्रांत आली आणि रेवतीची आई, सरलाताई, चक्क दारात उभ्या राहिल्या. “मॅडम, या वर्षी हळदीकुंकवाला यायचंच हं. आता कोण पाळतं ते जुनं? पुढच्या साली तुम्ही... म्हणजे यायचंच.”

पुढच्या साली तुम्हाला आमची ओळख राहील न राहील, असं ते वाक्य होतं. कीव करून का होईना, बोलावलं होतं. मॅडम गेल्या.

दारातच सरलाताईंनी त्यांना बसवलं. कुंकवाच्या करंड्यापाशी त्यांचं बोट घुटमळलं आणि मग त्यांनी नुसतीच हळद लावली. मॅडमना ते लागलं, पण त्या हसल्या. मग सरलाताईंनी अत्तराची कुपी उघडली, मॅडमचा हात उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला काडी फिरवली. वरून गुलाबपाणी शिंपडलं.

मॅडमचा हात तसाच हवेत राहिला.

नेमकी तीच जागा. बोळा फिरवायची.

“सरलाताई,” त्यांनी सावकाश विचारलं, “अत्तर नेहमी आधीच लावता?”

“हो तर! आल्या आल्या. गुलाबाचंच, आमच्या सासूबाईंपासूनचा रिवाज आहे.”

“आणि मागच्या साली रेवतीने बायकांचे नमुने घेतले, ते कधी?”

“जाताना की! वाण घेऊन निघाली बाई, की ही दारात हात धरायची. कोणाला सोडलं नाही बघा पोरीने!” सरलाताई कौतुकाने हसल्या.

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. गजरे, पावडरी, सेंट, हसणारे चेहरे. इथली एकूण एक बाई हिरवी होती. लाल निघालेल्या शांताबाई, तेल्याची विधवा सून, कोपऱ्यावरची सोनारीण, त्यातली एकही इथे नव्हती. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. दोन ढिगांमधला फरक यंत्राने बरोबर शोधला होता. एका ढिगाला गुलाबाचा वास होता, आणि शुश्रूषा केंद्रात बिनवासाच्या साबणाने पुसून काढलेल्या दुसऱ्या ढिगाला तो नव्हता. आजाराशी यंत्राला काही देणंघेणं नव्हतं. गुलाबातले रेणू साबणात असतात, क्रीममध्ये असतात, पुण्यातल्या परीक्षकांच्या मनगटांवरही असतात. नसतात ते नुसत्या पाण्याने अंग धुणाऱ्या म्हाताऱ्यांच्या, गडीमाणसांच्या आणि सुवास टाकून दिलेल्या बायकांच्या अंगावर.

तिळगूळ तोंडात तसाच ठेवून त्या उठल्या. आपण ठीक आहोत! हा आनंद एवढा मोठा होता की त्यांना तिथेच खाली बसून रडावंसं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग भीतीही वाटली, कारण देशभर किती मनगटांवर हा लाल दिवा लागला असेल, याचा हिशेब करणं त्यांना शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गुलाबाच्या अत्तराची कुपी विकत घेऊनच शाळेत गेल्या. योग असा, की फालक सरांच्या खोलीत कंपनीचे अधिकारी राजहंस आले होते आणि शेजारी रेवती बसली होती. कंपनीच्या खर्चाने ती जपानला शिकायला जाणार होती. तिच्या निरोपाचा कार्यक्रम ठरत होता.

“बरं झालं सगळे आहात,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी यंत्र पुढे ओढलं आणि उजवं मनगट धरलं. दिवा लाल. डाव्या मनगटावर अत्तराची काडी फिरवली, यंत्रासमोर धरलं. दिवा हिरवा.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसं, एकेक पायरी. फालक सरांच्या कपाळावर घाम आला.

राजहंस मात्र सावरून बसले. “मॅडम, सुगंधी पदार्थ लावून चाचणी करू नये, असं आम्ही खोक्यावरच छापलंय. हा तर सरळ हस्तक्षेप झाला.”

“मग अख्ख्या गावाची मनगटं घासून पुसा आणि घ्या चाचणी. सगळं गाव लाल निघेल.”

“पण पहिले नमुने अत्तर लावलेल्या हातांचे होते, हे कशावरून?”

“रेवतीने घेतलेत. तिला विचारा ना.” मॅडम वळल्या. त्यांचा आवाज आपोआप मऊ झाला. “रेवती, बाळा, तुझी चूक नाही हं ही. मी यायला हवं होतं तिथं, मी आले नाही. तू फक्त सांग. अत्तर लावल्यावर घेतले होते ना नमुने?”

रेवती खाली बघत होती. तिच्या मांडीवर जपानच्या शाळेचं पत्र होतं, त्याची कड तिने दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली. मॅडम थांबल्या. हुशार मूल अडलं की त्याला वेळ द्यायचा, ही त्यांची जुनी रीत होती.

रेवतीने मान वर केली. थेट मॅडमच्या डोळ्यांत पाहिलं.

“आधी घेतले होते, मॅडम. मनगट कोरडं हवं, हे तुम्हीच शिकवलं होतं.” आणि मग अगदी शांतपणे, “मागच्या महिन्यातही तुम्ही मला हेच विचारलं होतं. विसरलात का?”

“मी? मी कधी विचारलं?” मॅडम एकदम पुढे झाल्या. “मला हे काल कळलं! सरलाताईंना विचारा, त्यांनीच मला...”

“विचारू, मॅडम, विचारू,” फालक सर उठून त्यांच्या खांद्याला हात लावत म्हणाले. त्यांच्या कपाळावरचा घाम गेला होता. “तुम्ही बसा आधी. पाणी देऊ का?”

“सर, मी विसरलेले नाही.”

आणि हे वाक्य तोंडातून गेल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांचे वडीलही हेच म्हणायचे. अगदी याच आवाजात. आणि त्या स्वतः, आज फालक सर वागत होते तशाच, त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणायच्या, “हो, बाबा. बसा.”

“अत्तर पुसून पुन्हा एकदा घेऊ या,” राजहंस सौम्यपणे म्हणाले. “म्हणजे मॅडमचंही समाधान होईल.”

रेवती उठली. तिने मॅडमचा डावा हात हातात घेतला. कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि मनगटाच्या आतल्या बाजूने फिरवला, खालून वर, एकदाच. मग नवा बोळा. मग आणखी एक. अत्तराचा मागमूस नाहीसा होईपर्यंत ती पुसत राहिली. अत्तराने काही फरक पडत नसता तर एका बोळ्यात भागलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मॅडमनाही. तिचा हात कुठेही चुकत नव्हता.

दिवा लाल लागला.

“आता बरोबर आला,” राजहंस म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

रेवती मॅडमना बाहेर घेऊन आली. तिने त्यांचा दंड धरला होता. व्हरांड्याच्या टोकाशी ती म्हणाली, “सावकाश, मॅडम. पायरी आहे.”

याच पायरीवर उभं राहून मॅडमनी तिच्याकडून उत्तरं घोटून घेतली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पोरीने आता मान फिरवली होती, तिचे डोळे भरले होते. पण आत मात्र ती चाचरली नव्हती. तिने खाली बघितलं नव्हतं. नजरेला नजर दिली होती, आवाज शांत ठेवला होता, उत्तर छोटं दिलं होतं. यातलं एकेक तिला कधी, कुठे आणि कोणत्या शब्दांत शिकवलं होतं, ते मॅडमना लख्ख आठवत होतं.